बाळ झोपलं की अपलोड बसतं

अकराला माझी चाचणी होती आणि इंटरनेटवाला उगवला सव्वादहाला. मुलांना घरबसल्या गणित शिकवायचं काम होतं. दीड वर्षानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला बोलावलं होतं. अट एकच: आधी परीक्षकांसमोर स्पीड टेस्ट. अपलोड पाचच्या खाली दिसलं तर शिकवायला मिळणारच नाही, जागा पुढच्याला.

त्यानं आपली वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. "डाउनलोड शंभर! मॅडम, घरातून विमान उडवायचंय का?"

"घरात काय येतं त्याच्याशी मला देणंघेणं नाही. माझा फळा इथून तिकडे पोचला पाहिजे. अपलोड बघा."

"तेही नऊ आहे की."

"आत्ता आहे. साडेदहाला बघा."

मी वही पुढे केली. डाव्या पानावर लेकीचं दूध, झोप, शी. ती जन्मल्यापासून मी हे लिहिते आणि घरातले सगळे हसतात. उजव्या पानावर आठवडाभराच्या स्पीड टेस्ट, दर अर्ध्या तासाला एक.

"बापरे! आमच्या ऑफिसातही एवढं कुणी लिहीत नाही." मग त्याचं बोट थबकलं. डावीकडे झोप साडेदहा ते बारा, उजवीकडे अपलोड दोन. डावीकडे झोप चार ते पाच, उजवीकडे दीड. मंगळवारी ती दुपारभर जागी, त्या दुपारी आकडा नऊवरून हलला नव्हता. दोन्ही पानं मीच भरली होती, पण एकदाही आडवी वाचली नव्हती.

"मॅडम, बाळाबरोबर तुमचं इंटरनेटही झोपतं."

मी विचार करत होते. ती झोपल्यावर घरात नवीन काय सुरू होतं? मी तर चवड्यांवर चालते. पाळण्यावर कॅमेरा आहे, पण तो दिवसभरच चालू असतो.

"कुणी उघडून बघितलं तरच तो चित्र पाठवतो," तो म्हणाला. "पण बघितलं, की अपलोड गिळून टाकतो."

नवरा कामावर असतो, फोन लॉकरमध्ये. पासवर्ड असलेलं आणखी एकच माणूस होतं.

लेकीला झोपवून टेस्ट लावली. दोन. मी सासूबाईंना फोन केला, स्पीकरवर. त्या दुसऱ्या गावी राहतात.

"आई, काय करताय?"

"काही नाही गं, भाजी निवडतेय."

"कॅमेरा उघडलाय का?"

"छे! मला कुठली सवड?" आणि त्याच दमात, "तिचा डावा मोजा निघालाय बघ."

इंटरनेटवाल्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"आई, बारापर्यंत बंद ठेवा. तुम्ही बघता तेव्हा माझं शिकवणं तिकडे पोचत नाही."

"मी नुसती बघते. हात तरी लावते का कशाला?"

"तिचं चित्रही याच वायरीतून जातं, आई. दोघींना पुरत नाही."

"आणि तोवर तिच्याकडे कोण बघणार? तू तर फळ्याकडे बघणार!"

खरं सांगायचं तर शिकवताना शेजारी फोनवर कॅमेरा उघडा ठेवायचा, हा माझाही बेत होता.

"मीच बघेन. पाळणा टेबलापाशी ओढते आणि कॅमेऱ्याचा प्लग काढते."

"रडली तर?"

"तर मांडीवर घेऊन शिकवेन. अपूर्णांक मला एका हातानंही येतात."

"बरं. पण आधी मोजा घाल तिला."

मोजा घातला, पाळणा ओढला, प्लग काढला. टेस्ट नऊवर आली आणि इंटरनेटवाला कागदावर माझी सही घेऊन गेला.

अकराला पडद्यावर परीक्षक बाई आल्या. त्यांच्यासमोर पुन्हा टेस्ट: नऊ पॉइंट एक. "छान. करा सुरुवात."

मी पाव आणि अर्धा यांची बेरीज मांडली, आणि तेवढ्यात लेक झोपेतच शिंकली. बाईंच्या भुवया वर गेल्या.

"कोण आहे तिथे?"

"माझी मुलगी. नऊ महिन्यांची आहे. झोपलीये."

"शिंक अगदी स्वच्छ ऐकू आली," त्या म्हणाल्या. "चला पुढे."

मी छेद सारखे करायला घेतले.