सतरा नंबरचा बिल्ला

ऊर्मिलाताईंचा पासपोर्ट, विम्याचे कागद, परतीचं तिकीट, सगळं मुलाच्या, म्हणजे उत्कर्षच्या बॅगेत असे. जर्मनीत, एश्बॉर्नला मुलाकडे येऊन दोन महिने झाले होते आणि बाईंच्या स्वतःच्या ताब्यात काय उरलं होतं, तर नाशिकहून आणलेल्या काळ्या चपला. सून शमिका म्हणे, "आई, मोज्यांवर चपला नका ना घालू, लोक बघतात." बघू देत की, असं मनात म्हणून ताई त्याच घालत.

त्या शनिवारी सगळे थुरिंगियाच्या डोंगरातली बंद पडलेली सोन्याची खाण बघायला गेले. दारापाशी आपली पादत्राणं काढून रबरी बूट चढवायचे, दिव्याचं हेल्मेट घालायचं आणि फळ्यावरचा एक पितळी बिल्ला घेऊन आत शिरायचं. बाहेर आलं की बिल्ला परत खिळ्याला. खाणीची ही जुनी रीत म्हातारा गाईड अजून पाळत होता. तो डोकी मोजत नसे, बिल्ले मोजे. ताईंनी सतरा नंबर उचलला तोच उत्कर्षने हात पुढे केला.

"दे इकडे, हरवशील."

बायको, लेक अन्वी, आई आणि स्वतः, चौघांचे बिल्ले त्याच्या खिशात गेले.

आत गाईडने गोष्ट सांगितली, ती शमिकाने मराठीत आणली. दीडशे वर्षांपूर्वी इथे दोघे भाऊ खपत. एका शनिवारी धाकट्याने दोघांचेही बिल्ले अडकवले. थोरला मागून येतोच आहे, अशी त्याची समजूत. फळा भरलेला दिसला, दार लागलं. थोरला सोमवारी सापडला, दाराशीच, नखं तुटलेली.

"आणि सोनं किती निघायचं?" ताईंनी विचारलं.

"वर्षाला मूठभर, म्हणतायत."

मूठभर सोन्यासाठी कुणाच्या पोटचा गोळा गेला! ताईंना फार वाईट वाटलं.

परतताना एका कोनाड्यात लाकडी बाई उभी दिसली. खाणकामगार हिला नमस्कार करून कामाला जात, असं गाईड म्हणाला आणि पुढे निघाला. पण देवापुढे बूट घालून कसं उभं राहायचं? ताईंनी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. घट्ट बूट ओढून काढले, हेल्मेट काढून खाली ठेवलं, हात जोडले. त्या थोरल्या भावासाठीही दोन शब्द बोलल्या. डोळे उघडले तर बोगद्यात कोणी नाही. घाईघाईत वळल्या, हेल्मेटला पाय लागला, ते घरंगळत डबक्यात गेलं आणि दिवा विझला.

मग लांबून लोखंडी दार आपटल्याचा आवाज आला.

"उत्कर्ष!"

डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेच कळेना. येईल आत्ता, त्यांनी स्वतःला समजावलं. आणि मग उत्कर्षच्या खिशातले ते चार बिल्ले आठवले. पोराने ते एकदम अडकवले असणार, मागे वळूनही न बघता. फळा भरला असणार! पुढची फेरी पुढच्या शनिवारी, गाईडने सांगितलं होतं. फोन गाडीत, चार्जिंगला.

भिंत चाचपत, अनवाणी, गार पाण्यातून त्या निघाल्या. मागे काहीतरी टपकलं की थोरला भाऊच मागून येतोय असं वाटे. रामरक्षा म्हणू लागल्या, तीही दुसऱ्याच ओळीला अडली. एवढी भीती त्यांना नवरा गेला त्या दिवशीही वाटली नव्हती. अखेर हाताला लोखंड लागलं. त्यांनी मुठी आपटल्या, हाका मारल्या, घसा बसला. पलीकडे काहीच नाही. दाराला टेकून त्या खाली बसल्या आणि आपली नखं चाचपून पाहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. कुलूप खडखडलं, उजेड अंगावर आला. गाईडचा चेहरा पांढराफटक पडला होता, उत्कर्ष रडत होता. त्या दोघांच्या पुढे शमिका, काळ्या चपला छातीशी धरून.

"हा म्हणाला, आई गाडीकडे गेली असेल. गाईड म्हणाला, बिल्ले सगळे आलेत," ती म्हणाली. "मी म्हटलं, आईंच्या चपला बाहेर आहेत, म्हणजे आई आत आहेत!"

ताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. ओल्या पायांत चपला सरकवल्या. फळ्याशी जाऊन सतरा नंबर काढला आणि स्वतः, परत खिळ्याला अडकवला.

"आई, चुकलं माझं," उत्कर्ष म्हणाला.

"माझा पासपोर्ट कुठे आहे?"

"इथेच, बॅगेत. का गं?"

"दे."

"घरी गेल्यावर देतो ना."

"आत्ता दे," ताई म्हणाल्या आणि हात पुढे केला.