कॉलसाइन सांगा

मी हंबीरराव. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं काढली आणि आता रोज सकाळी सात वाजता हजेरी घेतो. शाळेतली नव्हे, हवेतली. जिल्ह्यातले अठरा-वीस हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी सेटवर बोलणारे, एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर येतात. मी एकेकाचं कॉलसाइन पुकारतो, तो हजर म्हणतो, हवापाणी सांगतो आणि ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणजे आमचा रामराम घालून निघून जातो. कॉलसाइन म्हणजे सरकारने लायसनबरोबर दिलेलं अक्षरांचं आणि आकड्याचं नाव. ते नसेल तर सेटवरचं बोलायचं बटण दाबायचं नाही. या बाबतीत मी फार कडक. लोक मला पाठीमागे फौजदार म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि पूर्वी मला त्याचा अभिमानही होता.

हजेरी संपली की मी विचारतो, "आणखी कोणी?" आणि बटण सोडतो. सेटमधून नुसती खरखर येते. गेली चार वर्षं, आठवड्यातून एखाद-दोनदा, ती खरखर एकदम थांबते.

ज्यांनी कधी सेट हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खरखर म्हणजे हवा रिकामी. पलीकडच्याने बटण दाबलं की ती थांबते आणि त्याचा आवाज येतो. खरखर थांबली पण आवाज आला नाही, तर कुणीतरी बटण दाबून गप्प बसलंय असं समजायचं. हे असं दोन सेकंद चालतं, मग परत खरखर. बाकीच्यांना विचारलं, तर कुणालाच ऐकू येत नाही. आमच्यातल्या राजवर्धन इंजिनियरने सेट उघडून पाहिला, केबल बदलली, अँटेना उतरवून परत चढवली आणि म्हणाला, "काका, सेट एक नंबर हाय. कान तपासून घ्या की." तपासले. कानही एक नंबर निघाले.

कोण गप्प बसलंय ते मला माहीत होतं. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

गणपती कांबळे आमच्या फाउंड्रीत क्रेनवर होता. शिरोलीच्या पलीकडे पंचगंगेच्या काठाला त्याचं गाव. मी निवृत्त झालो तरी दर रविवारी तो माझ्याकडे हॅमच्या परीक्षेचं शिकायला यायचा. असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. मी सांगेन ते वहीत लिहायचा आणि खाली दोन रेघा मारायचा. परीक्षा पास झाला, एक हातातला सेट घेतला, पण लायसनचे कागद दिल्लीत अडकले होते. मी त्याला बजावलं, "लायसन येईपर्यंत फक्त ऐकायचं. बटणाला बोट लावलंस तर याद राख." तो हसला आणि तेही लिहून घेतलं.

एक परिच्छेद मात्र मी त्याला शिकवला नाही. माणसाचा जीव धोक्यात असेल तर कुणीही, मिळेल त्या साधनाने, मिळेल त्या फ्रिक्वेन्सीवर मदत मागू शकतो. तिथे लायसन नाही, कॉलसाइन नाही, काही नाही. माझ्या अनुभवात परीक्षेला त्यावर कधी प्रश्न आला नव्हता. म्हणून मी ते पान उलटलं.

एकवीस सालच्या जुलैत पूर आला. मोबाईल बंद पडले आणि होड्या कुठे पाठवायच्या त्याचे निरोप आमच्या फ्रिक्वेन्सीवरून जाऊ लागले. मी दोन दिवस खुर्चीवरून उठलो नव्हतो. दुपारी चारच्या सुमारास खरखर थांबली आणि कुणी बोललं नाही. मग परत तसंच. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "कोण बटण दाबतंय? कॉलसाइन सांगा, नाहीतर चालते व्हा! इथं माणसं मरायला लागलीत!" त्यानंतर हवा मोकळी झाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चार दिवसांनी पूरग्रस्तांच्या छावणीत गणपतीची बायको मीनाबाई भेटली. ते ज्या स्लॅबवर अडकले होते, तिथे पुराच्या पाण्याबरोबर साप चढला होता. तो गणपतीला चावला. "त्यांनी त्या डब्याचं बटण दाबलंतं," ती म्हणाली, "पन डब्यातनं कोन तरी वरडलं. मग ठेवून दिला बाजूला. होडी दुसऱ्या दिशी आली. कोन व्हता वो त्यो मेला?"

"चौकशी करतो," मी म्हणालो.

खरंच असं म्हणालो. आमच्यात कुणी गेला की त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, हजेरीत त्याचं कॉलसाइन शेवटचं पुकारतात आणि मिनिटभर सगळे गप्प राहतात. गणपतीसाठी मला तेही करता आलं नाही. त्याला पुकारायचं तर कॉलसाइनच नव्हतं.

यंदा जूनमध्ये माझ्या रविवारच्या हॅमच्या वर्गाला एक मुलगी आली. "जय भीम, सर," म्हणाली आणि बापाची वही टेबलावर ठेवली. गणपतीची साक्षी. छावणीत पाहिली तेव्हा शाळेत होती, आता कॉलेजला जाते. पाच रविवार मी तिला फ्रिक्वेन्सी, बँड, लॉगबुक असं सगळं शिकवलं. तिच्या तोंडाकडे न बघता शिकवलं. दर वेळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी चहा मागवून वेळ मारून न्यायचो. त्या दिवसांत खरखर रोज थांबू लागली होती. हजेरी संपवायला मला भीती वाटायची.

सहाव्या रविवारी तिने वहीत बोट ठेवलं. "सर, हितं बाबांनी एक पान मोकळं सोडलंय. ‘सरांनी वगळलं’ असं लिवलंय. काय हाय त्यात?"

मी पुस्तक काढलं. तो परिच्छेद तिला वाचून दाखवला. शेवटपर्यंत वाचला आणि मग म्हणालो, "पोरी, त्या दिवशी डब्यातनं ओरडणारा मी होतो. तुझ्या आईशी मी खोटं बोललो."

तिने वही मिटली.

"ठाव हाय," ती म्हणाली. "रोज सकाळी बाबा मला तुमची हजेरी ऐकवायचे. आवाज वळखला की मी. बाबांनी पन वळखला. ‘सर चिडलेत, म्हंजे मोठं काम चाललं आसंल, थांबूया,’ म्हनले. आईला मी आजून सांगितलं न्हाई. तुमी सांगताय का बघायला आलतो. पाच रविवार बघितलं."

मला तिच्यासमोर बसवेना. मी हात जोडले, तर तिने ते धरून खाली केले.

"आईला तुमीच सांगा," ती म्हणाली. "आज. मी संगट येतो. पन त्याच्या आदी एक काम हाय. तुमी वरडल्यावर बाबा बटण न दाबता निरोप म्हनत बसलेते. पाठ करत. तुमी शिकवल्यागत, थोडक्यात. लायसन आसतं तर कसा दिला आसता, त्यो. चार वर्सं माज्याकडं पडलाय. घ्या."

मी ताठ बसलो. पेन्सिल घेतली. तिने डोळे मिटले आणि आवाज थोडा जाड केला.

"हजेरी कंट्रोल, हजेरी कंट्रोल. गणपती कांबळे बोलतोय. कॉलसाइन न्हाई, माफ करा. शाळंच्या मागचा स्लॅब. तीन मानसं, दोन म्हशी. एकाला साप चावलाय. घाई न्हाई, पैलं बारकी पोरं न्ह्या, मग हिकडं होडी धाडा. ओव्हर."

ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. यावर कंट्रोलने, म्हणजे मी, एवढंच म्हणायचं असतं की निरोप मिळाला. नियमाने त्याहून एक शब्द जास्त म्हणायचा नसतो. मला तेवढं म्हणायला इतका वेळ लागला की साक्षीने डोळे न उघडता दुसऱ्यांदा म्हटलं, "ओव्हर."