पंचाहत्तरची बॅटरी

टोकावड्याच्या वरच्या पाड्यावर २००६ सालीही वीज नव्हती. सोलर बसवणारा संदेश शेणवे गावचा, आणि ठकूच्या लेकीला, वर्षाला, पसंत करून गेलेला मुलगाही शेणव्याचाच. म्हणून संदेशची हाक ऐकताच ठकूने लेकीचं वाफेचं मशीन भाताच्या कणगीमागे ढकललं. दमेकरी पोर कोण करून घेणार?

खरं तर त्या मशीनसाठीच सोलर घ्यायचं ठरलं होतं. गेल्या पावसात वर्षाला दम लागला, तेव्हा तिचा भाऊ दिनेश तिला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघाला. ओढा भरलेला, दोघं अलीकडच्या काठावरच अडकली. त्यानंतर त्याने कल्याणहून मशीन आणलं.

"काकी, बत्त्या किती?"

"दोन. बास."

"पंखा?"

"कशाला रे? डोंगराचा वारा फुकट हाय."

संदेश हसला. "मग चाळीस अँपिअरची बॅटरी पुरे. पण नंतर तिच्यावर दुसरं काय चालणार नाय, हां."

वर्षाला ओढ्याचा काठ आठवला.

"मिक्सर हाय आमच्याकडं," मशीनचं नाव न घेता ती म्हणाली.

संदेशने पाट्यावरच्या ओल्या वाटणाकडे पाहिलं. "वीज नाय नि मिक्सर? सासरी न्यायला घेतलास काय गो? बरं, दाखव. मागं वॅट लिहिलेले असतात. अंदाजानं बॅटरी दिली, की पावसात शिव्या मला."

"थट्टा करते ती," ठकू घाईने म्हणाली.

वर्षा उठली. कणगीमागून मशीन काढून तिने त्याच्यापुढे ठेवलं. संदेशने ते उलटं केलं, आकडा वाचला. त्याचं हसू गेलं.

"दिवसातून कितीदा?"

"दोनदा. झड लागली की जास्त."

"म्हंजे ऊन नसतं तेव्हाच." तो बोटांवर हिशेब करत राहिला. "तीन दिवस बिनउन्हाचे धरू. पंचाहत्तरची लागेल. इन्व्हर्टर वेगळा." मग खालच्या आवाजात, "मी नाय बोलणार कुणाला, काकी."

ठकूने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

साखरपुड्याचं बोलायला पाहुणे आले, तेव्हा बॅटरी कोपऱ्यात उघडीच होती. तापते म्हणून संदेशने ती झाकायला मनाई केली होती. मुलाच्या मामाने वर दोन बत्त्या पाहिल्या, मग खाली पाहिलं.

"एवढ्याशा उजेडाला एवढी मोठी?"

"दुकानदारानं गळ्यात मारली," ठकू म्हणाली.

मामा वर्षाकडे वळला. "खरं काय गो पोरी?"

बाहेर झड लागली होती. वर्षाने पदर सारखा केला. "मला दमा हाय, मामा. त्याचं मशीन चालतं तिच्यावर."

 चहा तसाच ठेवून पाहुण्यांनी छत्र्या उचलल्या. ठकू दारापर्यंत त्यांच्या मागे गेली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली, आत पाठ करून.

दुपारी वर्षाला धाप लागली. तिने स्वतःच मशीन लावलं. आईने वळून पाहिलं नाही.