जुन्या साच्यातला पाव

मास्तर अकरा वर्षं विरोधी बाकांवर बसत होते आणि अकरा वर्षं महागाईवर बोलत होते. आकडे तोंडपाठ, उच्चार स्वच्छ, परिणाम शून्य. ते बोलायला उठले की सत्ताधारी चहाला जात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या पक्षाचेही दोघे-तिघे मागोमाग सटकत. शाळेत असताना मुलं निदान गैरहजेरी लागेल या भीतीने तरी बसायची.

"आकडे कसले सांगता?" त्यांची बायको म्हणाली. "आकडे ऐकून कुणाच्या पोटात कालवलंय कधी? आपल्या कोपऱ्यावरचा पाव बघा, केवढासा झालाय."

म्हणून अंदाजपत्रकावरच्या चर्चेच्या दिवशी सकाळीच मास्तर बेकरीत गेले. बेकरी चालवायची ती त्यांच्या एका विद्यार्थ्याची बायको. तो विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी गेला, पण मास्तर तिला अजूनही सूनबाईच म्हणत. कोपरापर्यंत पीठ, कपाळावरचा घाम दंडाला पुसत ती भट्टीतून ट्रे ओढत होती. पाव लहान का झाला असं मास्तरांनी विचारलं, आणि घरच्या माणसाला सांगावं तसं तिने सगळं सांगून टाकलं. मैद्यावर नवा कर बसला, भट्टीच्या गॅसवर बसला. भाव वाढवून पाहिला, तर सकाळी येणारी म्हातारी मंडळी पाव हातात घ्यायची, भाव विचारायची आणि परत ठेवायची. ते तिला बघवेना. शेवटी तिने पत्रेवाल्याकडून सगळे साचे दोन-दोन बोटं कापून घेतले आणि भाव पुन्हा जुना केला. गिऱ्हाइकांना कळलं होतं, त्यांना कळलंय हे तिलाही कळलं होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

"हा एकच ठेवलाय जुना," तिने फळीवरचा साचा दाखवला. पत्र्यावर बेकरीचं नाव उठवलेलं होतं. "ह्यांच्या हातचा आहे, म्हणून कापवला नाही."

"आजच्या दिवस देशील मला?"

"न्या की. पण मास्तर, मैद्यावरचा कर तेवढा काढायला सांगा. गॅसचं मी बघते कसंतरी. एवढं झालं ना, तर साचे पुन्हा मोठे करून घेते."

मास्तरांनी तिच्यासमोरच कागदावर ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद खिशात ठेवला.

सभागृहात त्यांनी पिशवीतून साचा काढला, त्यात नवा पाव घातला आणि साचा माइकजवळ धरून हलवला. पाव आत इकडून तिकडे आपटला. धप, धप.

"अध्यक्ष महोदय, अर्थमंत्री सांगतात, भाव स्थिर आहेत. बरोबर आहे, या पावाचा भाव स्थिरच आहे. फक्त पाव उरलेला नाही."

बाकं वाजली. चहाला निघालेले दारातून मागे फिरले. सत्ताधाऱ्यांतलाही एकजण हसला आणि लगेच खोकल्याचं नाटक करू लागला. मास्तरांनी पुन्हा साचा हलवला, पुन्हा बाकं वाजली. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मास्तरांचे कान गरम झाले, आणि त्या गजरातच ते खाली बसले.

कागदाची आठवण झाली तेव्हा पुढच्या वक्त्याचं नाव पुकारून झालं होतं. ते उठले. अध्यक्षांनी हाताच्या खुणेनेच खाली बसवलं.

अर्थमंत्र्यांचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. कमी वजनाचा पाव विकणारी बेकरी सन्माननीय सदस्यांनी दाखवून दिली, त्याबद्दल आभार. चौकशी करू. मास्तरांच्या एखाद्या म्हणण्यावर सरकारने ताबडतोब हालचाल केल्याची ही पहिलीच वेळ. तिसऱ्या दिवशी वजनमापवाले बेकरीत पोचले. वेष्टनांचे जुने गठ्ठे शिल्लक होते, म्हणून सूनबाई तीच वापरत होती. त्यांवर छापलं होतं चारशे ग्रॅम. पाव भरला तीनशे वीस. दाराला सील लागलं.

मास्तर वजनमापाच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"तिने फसवलं नाही हो कुणाला," मास्तर म्हणाले. "करामुळे आलीय ही वेळ."

"आम्ही कुठे नाही म्हणतो? पण काट्याला कर कळत नाही, वजन कळतं." साहेबांनी फाइल पुढे सरकवली. "आणि पुरावा म्हणून तुमचंच भाषण जोडलंय."

मास्तरांनी वाचलं. शब्दन् शब्द बरोबर होता. बाकं वाजल्याचीही नोंद होती. आयुष्यभर त्यांची तक्रार होती की आपलं भाषण कुणी नीट वाचत नाही.

"माझं भाषण मी मागे घेतलं तर?"

"बोललेलं मागे कसं घेणार, मास्तर?" साहेब हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता, आणि म्हणूनच मास्तरांना रडू आल्यासारखं झालं.

तिथून ते साचा घेऊन बेकरीकडे गेले. ती बंद दारासमोर पायरीवर बसली होती. तिचे हात स्वच्छ होते. बिनपिठाचे हात मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिले. रोजच्या गिऱ्हाईक आजी रिकामी पिशवी घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"सूनबाई, माझ्यामुळे झालं हे."

"तुम्ही काय वाईट चिंतलं होतं का?" तिने साचा घेतला आणि पदराने पुसला. "मी टीव्हीवर बघितलं तुम्हाला. साचा हलवलात तिथपर्यंत बघितलं, मग गिऱ्हाईक आलं. मैद्याचं बोललात ना?"

कागद अजून मास्तरांच्या खिशात होता. सदरा बदलला तरी त्यांनी तो सोबत घेतला होता, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तीस वर्षं त्यांनी मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं.

"बोललो," ते म्हणाले.

तिचा चेहरा सैल झाला. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून तिने मोठ्याने सांगितलं, "आजी, मास्तरांनी कर काढायला सांगितलंय सरकारला. थोडे दिवस कळ काढा. मग मोठा पाव देते, पहिल्यासारखा."

आजींनी पिशवीची घडी घातली.

"देव तुमचं भलं करो, मास्तर," त्या म्हणाल्या.