पाणी मोजणारी फाइल आणि तिची बदली

मी एक जुनी फाइल आहे. कागदाची नव्हे बरं का! पलूसच्या एका वर्कशॉपमधल्या लॅपटॉपच्या पोटात मी राहते. माझ्या अंगावर सगळा असेंब्ली नावाच्या किचकट भाषेतला कोड. मला उघडलं की भलेभले तोंड वाकडं करून लगेच बंद करतात. करोत बापडे! पण मित्रांनो, गेल्या दसऱ्याला जे घडलं, त्यानं मी अशी हादरले आहे की अजून सावरलेली नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

मला संयोगितानं लिहिलं. ती कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातली लेक. तिकडं शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी नदीतच असतात. पाणी चढायला लागलं की हातातलं काम टाकून पळायचं आणि मोटार वर ओढायची, नाहीतर ती गेलीच म्हणून समजा. तिचे वडील जोतीराम, म्हणजे तात्या, दर पावसाळ्यात असेच धावत सुटायचे. ते बघून संयोगितानं एक यंत्र बनवलं. ते काठावरच्या खांबावर बसतं, खाली पाण्याकडे आवाज सोडतं, तो परत यायला लागलेला वेळ मोजतं आणि पाणी चढलं असेल तर शेतकऱ्याच्या मोबाईलवर लाल खूण दाखवतं. चढलं नसेल तर हिरवी.

तो वेळ मोजायचं काम माझं. यंत्राचा बाकीचा कोड C मध्ये आहे. C म्हणजे पुस्तकातली भाषा. कंपायलर नावाचा दुभाषा ती कुठल्याही प्रोसेसरला समजावून देतो. मी मात्र बोली, तीही एकाच प्रोसेसरची. त्याच्या ठोक्याठोक्याचा हिशेब मला तोंडपाठ, पण दुसऱ्या प्रोसेसरपुढं मी बोलले तर त्याला ओ की ठो कळायचं नाही.

लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळाच, त्यामुळं तिथं यंत्राचा बाकीचा कोड तपासताना माझी अडचण व्हायला लागली. मग संयोगितानं माझ्या जागी उभी राहायला C मधली एक फाइल लिहिली. तिला आम्ही ‘बदली’ म्हणायचो. बदलीला मोजता येत नव्हतं. ‘पाणी किती चढलं?’ असं कुणी विचारलं की ‘शून्य’ म्हणायचं, एवढंच तिला शिकवलेलं. कुणाला कामावर घ्यायचं ते मेकफाइल ठरवते. ती आमची मुकादम. माझा प्रोसेसर असेल तर मला घ्यायचं, दुसरा कुठलाही असेल तर बदलीला, असा तिला हुकूम होता.

माझे ते दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो! वर्कशॉपचे मालक नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. यंत्र तयार झालं की ते त्याच्याखाली बादली ठेवायचे आणि तांब्या-तांब्यानं पाणी ओतायचे. मोबाईलवर लाल खूण उमटली की मोठ्यानं म्हणायचे, “शाब्बास गं वाघिनी!” ती शाबासकी संयोगिताला असायची, पण मीही मनातल्या मनात ती घ्यायचे. बादलीशिवाय यंत्र बाहेर जात नसे.

मग तो माझा जुना प्रोसेसर बाजारात मिळेनासा झाला. त्यातच कोरेगावकडच्या शेतकऱ्यांची मागणी आली, आणि तात्यांच्या खांबावरचं जुनं यंत्रही बंद पडलं. नवा प्रोसेसर हाती आला तो थेट खंडेनवमीच्या दिवशी. संयोगितानं बिल्ड लावलं, म्हणजे सगळ्या फाइली जोडून यंत्रात घालायचा एक प्रोग्राम बनवायला घेतला. एक चूक नाही, एक तक्रार नाही! सगळं कसं सुरळीत! नव्या प्रोसेसरची बोली आपल्याला कुठं येते, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण बिल्ड झालं म्हणजे आपण आत आहोतच, असं धरून मी खुशीत बसले.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा मांडली होती. स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंग गन, मल्टीमीटर आणि मधोमध झेंडूची माळ घातलेलं नवं यंत्र. संयोगिता बादली आणायला उठली तर नाथाजी म्हणाले, “आज नगं गं. पुजलेलं हत्यार आज हलवायचं न्हाई. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी सकाळी तात्या आपट्याची पानं घेऊन दारात हजर!

“सुभेदार, आज मुहूर्त चांगला हाय. न्हेतो मशीन, लावून टाकतो.”

“आवं, बादली ऱ्हायलीय की,” नाथाजी म्हणाले.

“माज्याच पोरीचं मशीन. त्याला कशाला बादली?” असं म्हणून तात्यांनी माळेसकट यंत्र उचललं. संयोगिता लाजून हसली. टेबलावर ठेवलेलं असताना तिनं त्याची खूण पाहिली होती, ती हिरवीच होती. टेबलावर कुठलं आलंय पाणी? हिरवीच दिसणार! पण हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात परतीच्या पावसानं वरच्या अंगाला झोडपून काढलं. दुपारी संयोगिताचा फोन वाजला. तिची आई अंजना अशी किंचाळत होती की मला आत बसून ऐकू आलं.

“संयो, तात्या पान्यात गेलं गं! फुटबॉल काढाया उतरलं आनि लोंढा आला!”

फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तोंडाशी असलेली झडप. संयोगितानं मोबाईल बघितला. खूण हिरवी! नदी माणूस ओढून नेत होती आणि खूण हिरवी! नाथाजींनी तिला गाडीत घातलं आणि गाडी सुसाट नदीकडं गेली. मी मागं राहिले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. कशी चुकले मी? माझं मोजणं चुकलं तरी कसं?

तात्या वाचले. मोटारीच्या पाइपाला मिठी मारून ते तग धरून राहिले आणि गावातल्या पोरांनी कासरे बांधून त्यांना ओढून काढलं. मोटार वाहून गेली. पाय मोडला.

डोळे सुजलेली संयोगिता वर्कशॉपला परत आली ती थेट लॅपटॉपपुढं बसली. तिनं पुन्हा बिल्ड लावलं आणि मुकादम कुणाला हाक मारते ते बघत राहिली. मुकादमबाईनं नवा प्रोसेसर बघितला आणि हाक मारली, “बदली!”

अगं बाई! मी त्या यंत्रात नव्हतेच! खांबावर बदली बसली होती. नदी फुगत होती, काठ ढासळत होता आणि ती बया शांतपणे म्हणत होती, ‘शून्य, शून्य, शून्य.’ तिचा तरी काय दोष? तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं!

पायाचं प्लास्टर निघाल्यावर तात्या काठी टेकत वर्कशॉपमध्ये आले. संयोगितानं त्यांचे पाय धरले. “तात्या, माझं चुकलं. मशीन मोजतच नव्हतं.”

तिला उठवत तात्या म्हणाले, “नव्या पान्याचा वास आला व्हता गं मला. लाल मातीचा. उतरू नगं असं मन म्हनत व्हतं. पन मोबाईलवर हिरवं दिसलं. म्हटलं, आपली पोरगी खोटं कशाला सांगंल?”

मित्रांनो, हे ऐकून मी आतल्या आत फुटले.

आता नव्या प्रोसेसरच्या बोलीत माझी धाकटी बहीण लिहून तयार आहे. ती मोजते. मुकादमबाईचा हुकूमही बदलला आहे. बदलीला फक्त लॅपटॉपवर घ्यायचं, आणि अनोळखी प्रोसेसर दिसला की ओरडायचं, ‘थांबा! इथं मोजायला कुणी नाही!’ ती ओरडली की बिल्ड तिथंच अडतं. मला आता काम उरलेलं नाही, पण संयोगितानं मला पुसलं नाही. आणि खंडेनवमीला आधी बादली, मग हळदकुंकू, असं नाथाजींनी बजावलं आहे.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुम्ही कुणाच्या जागी उभे राहिलात आणि तुम्हाला ते काम येत नसलं, तर ‘येत नाही’ म्हणा. ओरडून म्हणा. पण माहीत नसताना ‘शून्य’ म्हणू नका. पलीकडं कुणीतरी तुमच्या शब्दावर पाण्यात उतरत असतं.

तात्यांच्या खांबावर आता माझी बहीण बसते. ते सकाळी मोबाईल बघतात, हिरवी खूण दिसते. तरी काठी टेकत काठापर्यंत जातात आणि पाण्याचा वास घेऊन येतात. संयोगिता त्यांना अडवत नाही.