वारं येतंया

"वारं येतंया पोरीला," बयाबाई म्हणाली. सोमवारची गर्दी होती. मी चिठ्ठीवर 'पोटात वारा' लिहिलं आणि तिच्या रुपालीला आत पाठवलं. दौंडच्या एका खासगी दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर आहे मी, पेशंटची तक्रार मीच लिहून देतो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या. पोरीला कोणी काही विचारलंच नाही.

बयाबाई राहू गावाकडच्या धनगरवस्तीतली, आणि तिथे वारं म्हणजे देवाचा संचार. मी रेल्वेच्या चाळीत वाढलेला, मला कुठून ठाऊक असणार? पण बाकावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी घाईत होतो, एवढंच खरं.

सात महिन्यांनी मायलेकी परत आल्या. पोरगी निम्मी झाली होती.

"वारं हाय ते हायच," बयाबाई म्हणाली. "देवाची तक्रार न्हाई आमची. लोकं कौल मागाया येत्यात दारात. पर ही खात न्हाई, निजत न्हाई. काल इहिरीच्या कडंला घावली."

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पेन खाली ठेवलं. "रुपाली, तू सांग. काय होतं तुला?"

"मामा, त्यो देव न्हाई," ती म्हणाली. "बारावीच्या परीक्षेपासनं कानात माणसं बोलत्यात. घाण घाण शिव्या देत्यात मला. देव शिव्या दील व्हय?"

"मग घरी बोलली नाहीस?"

"बोलले की. आयनं त्यांलाच हात जोडलं."

मी शब्द न शब्द चिठ्ठीवर उतरवला आणि ती स्वतः डॉक्टरांच्या हातात दिली. आधीची चिठ्ठीही माझीच होती, तेही सांगून टाकलं. लाज वाटली, फार वाटली. डॉक्टरांनी रुपालीला अर्धा तास समोर बसवून घेतलं आणि पुण्याला ससूनमधल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना पत्र दिलं.

त्यांना गाडीत बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. त्यांच्याच गावचा भिमाजी तिथे उभा होता. रुपालीला पाहताच त्यानं चपला काढल्या आणि भर स्टँडवर तिच्या पायाशी वाकला. पोरीला वारं येण्याआधी उभ्या जन्मात बयाबाईच्या घराला असा मान मिळाला नव्हता. तिनं त्याचा खांदा धरला.

"पाया नका पडू, आप्पा. आजारी हाय माझी पोर."

गाडी निघाली तरी भिमाजी अनवाणीच उभा होता.