दयाराम टेलरचा हात

लोणारच्या दयाराम टेलरचा एक हेका होता. दाढी आपल्या हातानं करायची, आणि तीही बापाच्या जुन्या पितळी रेझरनं. चाळीस वर्षांत तो सलूनची पायरी चढला नव्हता. अशा माणसाचा गाल एका सोमवारी सकाळी तीन ठिकाणी कापला.

ब्लेड जुनं झालं असेल म्हणून त्यानं नवं घातलं, तर मंगळवारी हनुवटी गेली. मग बसस्टँडजवळच्या दुकानातून निळ्या पुडीतलं आणलं, मग हिरव्या पुडीतलं. हिरव्यानं कानाखाली असं सोललं, की तुरटी लावताना डोळ्यांत पाणी आलं. फोनवर पोराला, प्रसेनजितला, चांगल्या ब्लेडाचं नुसतं विचारलं, तर त्यानं पुण्याहून देशोदेशीची ब्लेडं कुरिअरनं पाठवली. बापाला म्हातारपणी शौक लागला असं वाटलं बिचाऱ्याला. रशियाचं झालं, जपानचं झालं, तुर्कस्तानचं झालं. साऱ्या जगानं मिळून दयारामचं थोबाड सोलून काढलं.

आता सगळीच ब्लेडं कशी खराब निघतील? मग खराब काय? हात! हे डोक्यात आलं आणि दयारामला बाप आठवला. त्याच्या बापाला साठीनंतर कंपवात झाला होता. सुरुवात अशीच, सकाळच्या दाढीपासून. दोन वर्षांत म्हाताऱ्याला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येईना. आणि दयारामला आता एकसष्टावं लागलं होतं.

टेलरचा हातच गेला तर मागं राहतं काय? उकंडरावांच्या पोराच्या लग्नाच्या कोटाचं कापड टेबलावर पडून होतं. खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या, पण त्यावर कात्री चालवायची हिंमत होत नव्हती. उकंडराव आले की हा सांगायचा, अस्तर यायचं आहे. दुकानात कोणी नसलं की दोन्ही हात पुढे धरून बघायचा. भीतीनंच ते जरा हलायचे, की याची खात्री पटायची. घरी जनकाबाईला मात्र त्यानं काही कळू दिलं नाही. निदान त्याला तसं वाटत होतं.

नवव्या दिवशी त्यानं हार मानली. रेझर आणि उरलेली ब्लेडं कागदात गुंडाळली आणि गजेंद्रच्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीत बसला.

"हे ठेवून घे तुह्यापाशी," तो म्हणाला. "आता मले नाही जमत."

गजेंद्रनं रेझर खोलला, उजेडात धरला आणि आधी विचारलं, की हा घासला कोणी. मग म्हणाला, "काका, ब्लेडखालची मधली प्लेट उलटी बसली आहे. धारेले आडच नाही राह्यली. याच्यानं कोणाचंही तोंड सोललं असतं."

दयाराम दाढीला बसताना चष्मा काढून ठेवायचा. प्लेट जशी निघाली तशीच तो रोज परत बसवत आला होता. चाळीस वर्षांच्या सवयीत बघतो कोण? त्यानं चष्मा लावला, प्लेट सरळ केली, तेच हिरव्या पुडीतलं ब्लेड घातलं आणि गजेंद्रच्या आरशात स्वतःच दाढी केली. रक्ताचा एक थेंब नाही! गडी असा खुश झाला, की गालाचा साबण पुसायचं विसरून थेट दुकानात गेला आणि एका दमात कोट कापून मोकळा झाला. कात्री रेघेवरून तसूभर हलली नाही.

घरी उलगडा झाला. त्या सोमवारी पौर्णिमेचा सण होता; आदल्या दिवशी जनकाबाईनं घरातलं सारं पितळ चिंच-मीठ लावून घासलं होतं. यंदा सासऱ्याची वस्तू म्हणून रेझरही घेतला, आणि जमेल तसा जोडून ठेवला. प्लेट उलटी बसली होती हे ऐकून ती रडायलाच लागली. मोरीतला रक्ताचा कापूस तिनं पहिल्याच दिवशी पाहिला होता. सासऱ्याचं आजारपण तिनंच तर काढलं होतं.

"तुम्ही झोपले की रोज तुमचा हात धरून पाह्यत होती मी," ती म्हणाली. "हलते का म्हणून."

दयाराम तिच्याजवळ येऊन बसला. "मंग?" त्यानं विचारलं. "हलत होता?"

जनकाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"नाही. माहाच हलत होता."